नखाएवढी कोर

अंबड, नाशिक
दसरा, २ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

सोनं द्यायला तू आला नाहीस, म्हणून आपट्याची पानं या कागदातच गुंडाळली आहेत. साष्टांग नमस्कार लिहीत नाही, शेड झाडून कंबर धरली आहे. सकाळपासून फोन लावतेय, तो वाजून वाजून बंद होतो. सहादूकाका उद्या गॅरेजच्या सामानासाठी द्वारका चौकात तुझ्या दुकानावर येणारच आहेत. आईने त्यांच्याकडे तुझ्यासाठी चिवड्याचा डबा दिलाय, त्यात हे पत्र सरकवते. तेलकट झालं तर चिवड्याला बोल लाव.

कामाचं आधी. आपली डाय सापडत नाही. काल खंडेनवमीला शेडमध्ये पूजा मांडली तेव्हा ती पाटावर होती. एका बाजूला पाने आणि हातोडा, दुसऱ्या बाजूला वजनकाटा, मधे डाय. आईने तिला कुंकू लावलं, वर झेंडू ठेवला. तूच म्हणालास, आज हत्यारांना हात लावायचा नाही, शेडला कुलूप घाल. मी घातलं. आज पूजा उचलायला गेले तर बाकी सगळं जागेवर, डायच्या जागी नुसतं कुंकू सांडलेलं आणि झेंडू बाजूला ठेवलेला. पडलेला नव्हता, कोणीतरी नीट ठेवलेला.

कुलूप शाबूत आहे. किल्ल्या दोनच, एक तुझ्याकडे आणि एक माझ्याकडे. भुरटा चोर असता तर त्याने वजनकाटा नेला असता, बुश ओतायच्या त्या लोखंडी साच्याला कोण विचारतंय. तेव्हा तूच पॉलिशला वगैरे नेली असशील. नेली असशील तर तसं सांग, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल. दोन वर्षांचे रविवार आहेत त्यात. पाडव्याला विक्री सुरू करायची आहे, खोक्यावर दोघांची नावं छापायची आहेत, छापखान्याला अजून मजकूर गेलेला नाही.

आईला काळजी नको म्हणून मी आपलं सांगून टाकलं की डाय पॉलिशला दिली आहे. ती 'बरं' म्हणाली आणि वाती वळत बसली.

तुझी,
दिशा


७ ऑक्टोबर, कोजागरीचा दुसरा दिवस

दादा,

डबा परत आला. घासलेला, आत वाटीभर साखर. रिकामा डबा परत पाठवू नये एवढं स्नेहावहिनीला कळतं. पत्राचं उत्तर मात्र साखरेखाली चाचपून पाहिलं तरी नव्हतं.

आता एक खरं सांगते, जे मागच्या पत्रात लिहिलं नाही. नवमीच्या दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तू शेडमधून हिरवी पिशवी घेऊन निघालास आणि जिप्सीत ठेवलीस. पिशवी जड होती, तू एका बाजूला कलला होतास. मी स्वतःला सांगितलं, प्रसादाचे नारळ असतील. आपल्या पूजेत नारळ एकच होता. तरी मी सांगितलं स्वतःला.

काल रात्री दूध आटवताना फोनवर तुझं रील आलं. मला सहादूकाकांनी पाठवलं, खाली हात जोडलेलं चित्र. तू दुकानासमोर उभा, हातात जांभळा बुश. "भावांनो, जिप्सीच्या पाट्याचे रबरी बुश बदलून बदलून कंटाळलात? दोन वर्षं घासली, एकट्याने, आणि हा काढलाय. रबर नाही, पॉलीयुरेथेन. आपल्या नाशिकच्या द्राक्षाचा रंग." मागे वहिनी ट्रे घेऊन उभी, हळदीकुंकवाला उभी राहते तशी. एकट्याने म्हणताना तू कॅमेऱ्याकडे बघत नव्हतास, एवढं मी पाहिलं.

दादा, रंगसुद्धा माझा आहे रे. तू काळाच धरून बसला होतास.

आठवतं तुला, आई पहिल्यांदा शेडमध्ये आली आणि विचारलं, हे काय करता रविवारचं? मी सांगितलं, चाकावरचा स्प्रिंगचा पाटा जिथे गाडीला अडकतो तिथे मधे हा बुश बसतो, म्हणजे लोखंडावर लोखंड घासत नाही, दणका मधल्यामधे जिरतो. ती म्हणाली, "म्हंजी माज्यावानी." आपण दोघं पोट धरून हसलो होतो. मी दिवसभर कंपनीच्या लॅबमध्ये दुसऱ्यांच्या रबराचे मसाले मोजायचे आणि रविवारी आपला मसाला मोजायचे. एक मऊ पडला, एक दगड झाला, तिसऱ्यात बुडबुडे. तू जिप्सी घेऊन त्र्यंबकच्या रस्त्यावर जायचास आणि येऊन सांगायचास, मागे दणका बसतो, पुढे ठीक आहे. तुझं काम नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण एकट्याने?

रील थांबवून मोठं करून पाहिलं. बुशाच्या कडेला ती कोर आहे. पहिल्या दिवशी बुश डायला चिकटला आणि तू घाईघाईने स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलास, आत ओरखडा पडला. तुझा चेहरा असा झाला होता की मला ओरडवेना. म्हटलं, असू दे, तीट लागली, आता दृष्ट लागणार नाही. तेव्हापासून त्या डायमधून निघणाऱ्या प्रत्येक बुशाच्या कडेला नखाएवढी कोर उठते. शंभर बुशांत मी माझा बुश डोळे मिटून ओळखीन, नुसतं बोट फिरवलं की कळतं. तेवढी एक खूण आहे. नाहीतर माझ्याकडे दुसरं काय आहे दाखवायला?

डाय परत आण. खोक्यावर दोघांची नावं टाकू. रील काढून टाक. झालं गेलं गंगेला मिळालं असं मी म्हणेन, आणि तू ओळखतोस मला, मी म्हटलं की मनापासून म्हणते.

दिशा


१३ ऑक्टोबर

मयूरदादा,

शनिवारी मी दुकानावर आले होते. वहिनी म्हणाली, तू मालेगावला गेलायस. तुझ्या चपला पायरीवर होत्या, अंगठा तुटलेल्या त्याच. वहिनीने चहा विचारला, मी नको म्हटलं, आणि आम्ही दोघी तुझ्या चपलांकडे न बघता उभ्या राहिलो.

पण आज लिहायचं कारण ते नाही. काल सहादूकाकांच्या गॅरेजला दिंडोरीहून वाल्मीक नावाचा बागायतदार जिप्सी घेऊन आला. तुझ्याकडून बुश घेतले आणि गावातच बसवले. काकांनी मला हाक मारली. वाल्मीक म्हणाला, "ताई, तुमच्याच भावाच्या दुकानातनं नेलं. लय भारी हाय, पुन्ना बघायचं काम नाय म्हनला. आठवडाबी नाय झाला आन गाडी प्यायल्यागत चालायला लागली. मागं छाटनीच्या बाया व्हत्या बसलेल्या. वळनावर मागचं चाक भायेर गेल्यासारखं झालं. बाया वराडल्या, मी बिरेक दाबला, म्हनून वाचलो."

काकांनी पाटा सोडवला. बुश चिरडून एका बाजूला गेला होता, भाकरीचं पीठ दाबावं तसा. मी कडेला बोट फिरवलं. कोर होती. नख रोवलं तर रुतलं.

तू पुरते भाजले नाहीस दादा. डायमधून काढलेस, वरून घट्ट दिसले, पुसून पाकिटात घातलेस. दिवाळीची घाई. आता नीट वाच, कारण हे तुझ्यासाठी लिहीत नाही, मागे बसणाऱ्या बायांसाठी लिहितेय. डायमधून निघालेला बुश कच्चा असतो. तो रात्रभर भट्टीत ठेवायचा, शंभर अंशांच्या आसपास, आणि काटा हलू द्यायचा नाही. भट्टी बंद केली की लगेच उघडायची नाही, आतच निवू द्यायचं. मग आठवडाभर तसेच ठेवून द्यायचे, आणि मगच गाडीला. मसाला ओतण्याआधी डायसुद्धा गरम हवी, गार डायमध्ये ओतलास तर पोटात बुडबुडे राहतात. बसवताना नळीला ग्रीस लावायचं, तेसुद्धा साधं नाही, सिलिकॉनचं.

सहादूकाका म्हणाले, जे काही भाजतोस ते तू वहिनीच्या केकच्या ओव्हनमध्ये भाजतोस. खरं असेल तर त्या ओव्हनमध्ये पुन्हा केक करू नका, विषाची परीक्षा कशाला. आपण जशी बेकरीची मोडीत निघालेली भट्टी घेतली होती तशी एखादी बघ. आपली देणार नाही. तिला अजून नानकटाईचा वास येतो आणि मला तो आवडतो.

वाल्मीकच्या गाडीला मी शेडमधले आपले जुने बुश बसवून दिले. त्याने विचारलं, हे कोणी केलेत? मी म्हटलं, आमच्याच घरचे आहेत.

तोंडावर आलं होतं, सांगितलं नाही. घरचं भांडण गिऱ्हाइकापुढे काढू नये एवढं आई-आबांनी शिकवलंय. तुलाही शिकवलं होतं.

दिशा


वसुबारस, १७ ऑक्टोबर

मयूर,

'दादा' लिहायला हात उचलत नाही, म्हणून नाव लिहिलं.

आज आईने गायवासराच्या मूर्तीची पूजा केली आणि मला म्हणाली, यंदा मयूरला करंज्या जास्त पाठव. मला राहवलं नाही. म्हटलं, आई, डाय पॉलिशला दिलेली नाही. तुझ्या लाडक्याने नेली. ती करंजीची कड दाबत राहिली. मग म्हणाली, "मला ठावं व्हतं."

मी विचारलं, कधीपासून?

"नवमीलाच. मी कुंकू लावत व्हते तव्हाच त्यो म्हनला, आई, ही मी नेनार हाय, दिशाला आत्ता सांगू नको. दुपारी त्यानं उचलायच्या आधी म्या फूल काढून बाजूला ठिवलं. कुंकू लावलेल्या वस्तूवरनं फूल पडू नाय."

बघ, ते फूल मला पहिल्याच दिवशी सलत होतं. चोर एवढा हळुवार कसा, असं वाटलं होतं. आणि मी तिला पॉलिशची थाप मारत होते, तुझं नाव खराब होऊ नये म्हणून, आणि ती 'बरं' म्हणून वाती वळत होती. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात. इथे शेताच्या धनिणीने कुंपणाला वाट करून दिली.

मी विचारलं, का गं? ती म्हणाली, "त्याचं दुकान बसलंय. समदे मोबाइलवरनं सामान मागवत्यात. तुला पगार हाय. उंद्या तू लगीन करून जाशील, तुझ्यासंगं डाय बी जाईल दुसऱ्याच्या घरी. मंग त्याच्याकडं काय ऱ्हाईल? तू हुशार हाय, दुसरी करशील."

हुशार आहे म्हणून लुटायला हरकत नाही, असा हिशेब आहे आपल्या घरात. मूर्ख असते तर कदाचित माझी डाय माझ्याकडे राहिली असती. मला राग आला मयूर, आणि राग तुझ्यापेक्षा आईचा जास्त आला, आणि रडू मात्र तुझं आलं. दुकान बसलंय हे तू मला सांगायला हवं होतंस. मागितली असतीस तर मी डाय तुझ्या हातात ठेवली असती, वर मसाला मोजून दिला असता. तू मला मागायच्या लायकीचीही समजला नाहीस. हे जास्त लागलं.

करंज्या भरल्या आहेत. माझ्या हातच्या आहेत, आईने नुसत्या कडा दाबल्यात.

डाय ठेव. खरंच ठेव. दुकान चालव, तुझं भलं होऊ दे. मला भाऊबीजेला एकच ओवाळणी हवी आहे. साडी नको. ये, पाटावर बस, आणि आईसमोर, वहिनीसमोर, वाटलं तर त्या तुझ्या मोबाइलसमोर, एकदा म्हण, हा बुश दिशाने केला. एवढंच. मग मी आयुष्यभर पुन्हा विषय काढणार नाही.

दिशा


पाडवा, २२ ऑक्टोबर

मयूर,

करंज्यांचा डबा परत आला, आत साखर. मी ठरवून टाकलं होतं की तू पत्रं वाचतच नाहीस. वहिनी डबा उघडत असेल, कागद बाजूला टाकत असेल. तसं मानलं की बरं वाटायचं. न वाचणाऱ्यावर माणूस फार रागावू शकत नाही.

आज दुपारी सहादूकाका फराळाला आले आणि खिशातून एक बुश काढून माझ्यासमोर ठेवला. तुझ्या नव्या मालातला. म्हणाले, "पोरी, बघ बरं, ह्यो तरी धड हाय का. उंद्या लोकं मला विचारत्याल."

मी नख रोवलं. रुतलं नाही. काकांच्या पक्कडीत दाबून पाहिला, मधून कापून पाहिला. पोटात एकही बुडबुडा नाही. रात्रभर भाजलेला, भट्टीतच निवलेला. मी केला असता तसाच. काका म्हणाले, तू भद्रकालीतून बेकरीची जुनी भट्टी आणलीस, आणि सिलिकॉनचं ग्रीस पाकिटात घालून देतोस. खरं सांगते, क्षणभर मला आनंद झाला. माझ्या डोळ्यांसमोर त्या छाटणीच्या बाया आल्या, आणि वाटलं, दादाने वाचलं माझं.

मग कडेवर बोट फिरवलं.

कोर नव्हती. त्या जागी सपाट, निस्तेज पट्टा होता. बारीक कानशीने घासलेला, वरून पॉलिश पेपर मारलेला. एकेक बुश हातात धरून तू ते केलं असशील. दिवाळीत, गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना. फार निगुतीचं काम आहे, दुसऱ्या कोणाला कळणारही नाही. मीच तुला लिहिलं होतं ना, माझ्याकडे तेवढी एकच खूण आहे म्हणून.

म्हणजे तू वाचलंस. सगळी पत्रं वाचलीस. तीट लागली ते वाचलंस, भट्टी वाचलीस, ग्रीस वाचलंस. जे हवं ते घेतलंस, जे नको ते घासलंस, आणि डब्यात साखर घालून परत पाठवलंस. डाय नेलीस तेव्हा मला वाटलं होतं, अडचणीत होता, बुद्धी फिरली. हे मात्र तू शांत बसून केलंस. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला आज कळलं.

आणि मी कोणाकडे जाऊन काय सांगू? बुश चांगला आहे. कोणाची गाडी आता वळणावर घसरणार नाही. तक्रार करण्यासारखं त्यात काही उरलेलंच नाही.

उद्या भाऊबीज आहे. पाट मांडेन, कारण आई मांडायला लावेल.

दिशा


भाऊबीज, २३ ऑक्टोबर

मयूर,

हे पत्र डब्यात जाणार नाही. माझ्या पत्रांचा तुला फार उपयोग होतो.

तू आला नाहीस. सहादूकाकांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत साडी आली, आणि आईच्या फोनवर तुझा आवाज, दुकानात गर्दी आहे, रविवारी बघतो. साडी जांभळी आहे. निवड वहिनीची असावी, असं मी मानून चालले आहे. घडी मोडलेली नाही.

संध्याकाळपर्यंत पाट मांडलेला होता. भोवती रांगोळी, समोर ताट, निरांजन, सुपारी, अंगठी. दिवे लागणीच्या सुमारास मी ताट उचललं आणि गच्चीकडे निघाले. आईच्या लक्षात आलं. जिन्यात आडवी आली.

"काय करतीस? चंद्राला ओवाळायचं काम नाय. ज्यांना भाऊ नसतो त्या ओवाळत्यात. तुला जिता भाऊ हाय."

"तोही जगू दे," मी म्हटलं. "बाजूला हो."

ती झाली नाही. मग मी तिला तो कापलेला बुश दाखवला, कालपासून ओच्यात होता. म्हटलं, इथे कोर होती, मी त्याला लिहिलं होतं की हीच माझी खूण आहे, आणि त्याने ती घासून टाकली. तिने तो हातात घेतला. चष्मा नव्हता, म्हणून अंगठ्याने चाचपत राहिली. तिला सगळं माहीत होतं असं मला वाटत होतं. हे माहीत नव्हतं. मग ती भिंतीकडे सरकली, जिन्यात जागा झाली.

त्र्यंबकच्या बाजूला आभाळ अजून उजळ होतं. बीजेची कोर नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही, आणि ती लवकर मावळते. मी ताट वर धरलं. गच्चीवर वारा होता, निरांजन विझू विझू करत होतं. मागून आई आली, तिने पदर आडवा धरला आणि वात सावरली. मला वाटलं होतं ती खालीच राहील. मी तीनदा ओवाळलं, अक्षता वर टाकल्या, त्या आमच्याच डोक्यावर पडल्या.

कोर समोरच्या पाण्याच्या टाकीमागे गेली तेव्हा आई हळूच म्हणाली, "आन चंद्र काय ओवाळनी घालनार गं तुला?"

"घालत नाही काही," मी म्हटलं. "पण नेतही नाही."

दिशा